अकरा श्वासांचा सौदा

माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा खोटं बोलायला आप्पांचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापुढे गेलं आहे. त्यांना जाऊनही कैक वर्षं झाली. तरी ती दुपार आठवली की माझे कान तापतात. माझी बायको पाथरीला माहेरी जाऊन बसली होती. ती परत येणार की नाही, हे आप्पांच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. आणि तो शब्द त्यांनी दिला नाही.

आप्पा माझे घरमालक. सोनपेठेत बाजाराच्या मैदानाला लागून त्यांचं मातीचं घर होतं, त्यातल्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी मला दिल्या होत्या. घर जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंचं. आप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर मांस म्हणाल तर औषधालाही नाही. छाती मात्र एखाद्या पिंजऱ्यासारखी रुंद. त्यांच्या समाजातलं कोणी गेलं की प्रेतापुढे शंख वाजवायचा मान त्यांच्या घराकडे होता. वेशीपासून समाधीच्या जागेपर्यंत आप्पा तीनदाच श्वास घेतात, असं लोक सांगत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लोक वाढवून सांगत्यात. चारदा."

निजामाची मोगलाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी सोनपेठेला आलो. खांद्यावर एक दोर होता, त्या दोराला बांधायला जनावर नव्हतं. बाप लहानपणी गेलेला, जमीन भावकीने खाल्लेली. दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकलत नेण्यापासून सुरुवात करून मी जनावरांचा दलाल झालो, तो कोणाच्या मेहरबानीने नाही. घसा हेच माझं भांडवल होतं. मी ओरडायला लागलो की समोरचा निम्मा तिथेच खचायचा. राग मला कधी दोष वाटला नाही. तो माझा हत्यारबंद गडी होता.

खोली मागायला गेलो तेव्हा मनात भाड्याचा आकडा धरून, त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची तयारी करून गेलो होतो. आप्पा म्हणाले, "भाड्याचं मागनं बघू. आधी तोंड मिट आन् बस."

मी बसलो. त्यांनी डोळे मिटले आणि मान माझ्याकडे कलती केली. एखादा माणूस बैलाचे दात बघतो तसे हे माझा श्वास ऐकत होते.

"लय वरवर घ्यायलास रे लेका," ते म्हणाले. "गळ्यापतुरच. कोन पाठी लागलंय का?"

"कोन न्हाई."

"मग तूच कुनाच्या तरी पाठी लागला अशील. ऱ्हा हितं. पर मी सांगंल तवा घुमायचं."

भाड्याचा आकडा त्यांनी सांगितला तो मी धरलेल्या आकड्यापेक्षा कमी निघाला. माझी घासाघीस तोंडातच राहिली. हा पहिला राग.

घुमणं म्हणजे काय, ते सांगतो. नाकाने श्वास ओढायचा. ओठ मिटलेले ठेवायचे. अंगठ्यांनी कान बुजवायचे आणि भुंग्यासारखा एकसुरी आवाज काढत श्वास सोडत जायचा, पोट पाठीला लागेपर्यंत. बस्स, एवढंच. आप्पा त्याला योग म्हणत नसत, विद्या म्हणत नसत. त्यांना त्याचं कौतुक सांगता येत नसे. "सोड आधी," एवढंच म्हणत. "घेनं आपोआप व्हतंय. सगळे घ्यायलाच बसलेत, म्हनून अडकलेत." मी दलाल माणूस, मला हे बोलणं धंद्याच्या विरुद्ध वाटायचं.

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं आणि कोसाचाही हिशेब नव्हता. मारुतीचं देऊळ सव्वाशे श्वासांवर, ओढा ऐंशीवर, महसुलाची कचेरी दोनशे दहावर. "आन् येताना तीनशे," ते म्हणत, "तिथून मानूस धापा टाकीतच येतंय." डाळ किती वेळ शिजवायची हेही श्वासांवर. पाव्हणा आला आणि बोलण्यात गुंतवलं तर त्यांची डाळ करपायची, आणि मग ते पाव्हण्याला म्हणायचे, "तुमी माजे दोनशे श्वास खाल्ले."

अंगणात त्यांनी एक मोठा रांजण ठेवला होता, रिकामा. सोनपेठेसारख्या पाण्याची मारामार असलेल्या गावात रिकामा रांजण ठेवणं म्हणजे वेडेपणाच. पण तो त्यांचा दवाखाना होता. ज्याला झोप लागत नसे, ज्याची छाती धडधडत असे, जिचं रडणं थांबत नसे, त्याने गुडघ्यावर बसून रांजणात मान घालायची आणि घुमायचं. आवाज आत फिरायचा, कवटीतून दातांत उतरायचा. वर येणारा माणूस थोडा खुळावल्यासारखा दिसायचा, पण हलका झालेला असायचा. औषधपाणी, दक्षिणा, काही नाही. फक्त रांजणात खोकायचं नाही, एवढा नियम.

महसुलाचे एक गिरदावर साहेब तेव्हा फार खचले होते. सारी उमर दफ्तरात उर्दू लिहिण्यात गेलेली. आता राज्य बदललं, कागद मराठीत करायचे असा हुकूम आला. साहेबांचं अक्षर मोत्यासारखं, पण उजवीकडून डावीकडे. रोज पहाटे फाटकातून आत येऊन म्हणायचे, "आप्पा, नींद उड गई." आप्पा रांजणाकडे बोट दाखवायचे. साहेब शेरवानीची बटणं काढून, टोपी माझ्या हातात देऊन, रांजणात मान घालायचे. ज्या माणसाच्या सहीसाठी गाव चार-चार दिवस उन्हात बसायचं, त्याची टोपी धरून मी उभा आणि आतून घुंऽऽ असा आवाज. महिन्याभरात साहेबांना झोप लागायला लागली. बाराखडीही आली. खूश होऊन त्यांनी गोदावरीच्या वाळवंटातलं एक मोठं टरबूज पाठवलं. आप्पांनी त्याला कान लावला, दोनदा टिचकी मारली, आणि परत पाठवलं. "कच्चं हाय," म्हणाले, "आठ दिसांनी धाडा."

माणसाच्या तोंडावर खरं बोलण्याची ही खोड मला तेव्हाच ओळखायला हवी होती.

बाजाराच्या दिवशीचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, हे नव्या वाचकांना ठाऊक नसेल. दलाल आणि गिऱ्हाईक हात मिळवतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडे सांगतात. बघणाऱ्या पन्नास जणांना काही कळत नाही. चेहरा दगडासारखा ठेवायचा असतो. त्या दिवशी एका लालकंधारी बैलजोडीसाठी पालमच्या एका दलालाचा हात माझ्या हातात होता. तो माझी बोटं दाबता दाबता हसला. का हसला म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुमचा हात घामेजला पाव्हणं. किती घाई झाली हाय ते हातच सांगायलाय."

मी रुमाल त्याच्या तोंडावर फेकला. पुढे काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईपर्यंत पोचलो होतो, आणि तोही माझ्या बापापर्यंत आला होता. लोक मध्ये पडायला लागले. तेवढ्यात आप्पांच्या घराच्या माळवदावरून शंख वाजला.

आमच्याकडे तो शंख मयतीशिवाय कोणी ऐकलेला नव्हता. माणसांनी डोईची मुंडाशी काढली. बायकांनी पदर सावरले. एका हलवायाने कढईखालची लाकडं ओढली. पालमचा दलालसुद्धा हात जोडून उभा. आवाज थांबला तेव्हा कोणीतरी खालून विचारलं, "आप्पा, कोन गेलं?"

आप्पांनी शंख धोतराला पुसला. "आजून कोन न्हाई गेलं," ते म्हणाले. माझ्याकडे बोट केलं. "ह्यो जायलाय."

बाजार हसला. महिनाभर हसला. त्या जोडीचा सौदा पालमच्या दलालाने दुसऱ्याशीच केला. मी आप्पांशी आठ दिवस बोललो नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. बायकोवर मी कधी हात उचलला नाही, हे आधी सांगतो, कारण त्या काळी तेवढंही पुष्कळ मानलं जायचं आणि मीही ते पुष्कळ मानत होतो. एका दुपारी माझा मेव्हणा आलेला होता. बाजारात माझा एक सौदा फिसकटला होता. जेवायला बसलो, भाकरीची एक कड करपलेली दिसली, आणि मी ताट उचलून अंगणात भिरकावलं. मेव्हण्याच्या देखत. तिने ताट उचलून आणलं, घासलं, फळीवर जागच्या जागी लावलं. मग भावाला म्हणाली, "चल." एवढंच. त्यांची बैलगाडी रस्त्याला लागली तरी मला वाटत होतं, वेशीपासून मागे फिरेल.

दोन महिने गेले. मी बोलावणं पाठवलं, साडी पाठवली, मध्यस्थ पाठवले. सासऱ्यांचा निरोप आला : पाव्हण्याचा राग गेला असं सांगणारा एक माणूस घेऊन या. तुमच्या धंद्यातला नको.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आपण होऊन आप्पांच्या ओसरीवर गेलो. ते वाती वळत बसले होते. सासऱ्यांचा निरोप ऐकून वर न बघता म्हणाले, "तू घरात आलास की ती श्वास घेत न्हवती."

"काय?"

"मधी भिताड हाय एकच. मला ऐकू येतंय. तुजी चप्पल दारात वाजली की तिचा श्वास थांबायचा. तू जेवून, बोलून बाहीर गेलास, की मंग एक मोठा घ्यायची. रोज. चार वर्सं."

माझा स्वभाव असा, की त्यातही भांडणच सुचलं. "मंग आदी काहून सांगितलं न्हाई?"

"तवा तू ऐकत कुठं व्हतास? नुसता बोलायचास."

मी म्हणालो, शिकवा मला घुमायला. आप्पा म्हणाले, रोज पहाटे एकवीस श्वास. मी म्हणालो, एकवीस कशाला, पाच. मग त्यांनी काय करावं? खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात हातात घेतला आणि वरून टाकलं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. तिसरा बघणारा कोणी नव्हता, तरी त्यांना रीत पाळायची होती. मी पाच दाबले. त्यांनी दोन बोटं, मग एक, म्हणजे एकवीस. मी सात. ते अठराला उतरले. मी आठवर आलो. असं करत अर्धा तास गेला आणि अकरावर सौदा तुटला, म्हणजे आमच्या धंद्याच्या बोलीत पक्का झाला. मी मनात खूश. एकवीसवरून अकरावर आणलं होतं. उठताना आप्पा म्हणाले, "मला सातच पायजे व्हते."

हा तिसरा राग; दुसरा त्या शंखाचा. उभ्या जिल्ह्यात मला रुमालाखाली फसवणारा तो एकच माणूस.

पहिल्या पहाटे मी अंगणात बसून घुमायला लागलो तर भिंतीपलीकडून दोन बायका डोकावल्या. आमच्या भागात माणूस घुमायला लागला की त्याच्या अंगात देव आला असंच समजतात. मी कान बुजवून, डोळे मिटून बसलेला. कपाळाला काहीतरी ओलं लागलं म्हणून डोळे उघडले, तर समोर हळदकुंकवाचं ताट घेऊन शेजारीण बसली होती.

"देवा," ती हात जोडून म्हणाली, "माजी शेळी तीन दिसांपून सापडंना."

"मी देव न्हाई!" मी ओरडलो. "वड्याकडं बघ जा!" शेळ्या दुसऱ्या कुठे जातात? ती गेली आणि तासाभरात शेळी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी अंगणात सहा जण. कोणाची सून नांदत नव्हती, कोणाचा दाखला अडकला होता. मी सगळ्यांना शिव्या देऊन हाकललं. देव कडक आहे म्हणून तिसऱ्या दिवशी अकरा आले. आप्पा ओसरीवर बसून हसता हसता ठसकले. "तुजे श्वास मोज," म्हणाले, "तेंचे मोजू नको." शेवटी मी रांजणात मान घालायला लागलो. आत निदान कोणी हळदकुंकू लावत नव्हतं.

आणि हे मान्य केलं पाहिजे, की फरक पडला. पहिले पंधरा दिवस नुसतं चक्करल्यासारखं झालं. मग एका बाजारात माझ्या लक्षात आलं की रुमालाखालचा माझा हात कोरडा आहे. पालमचा तो दलाल चार-चारदा माझी बोटं चाचपत होता, जणू कोणी हातच बदलला. त्याला माझ्या हाताचा काही अंदाज लागेना. सौदा माझ्या आकड्यावर तुटला. घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. त्यांना त्यात काही रस नव्हता. "राग आला व्हता का?" एवढंच विचारलं.

"आला व्हता."

"मंग?"

"मंग घुमलो. मनातल्या मनात. त्यो गेला."

"गेला न्हाई," आप्पा म्हणाले. "बसला. बसलेला दिसंना म्हनून गेला म्हनू ने."

मला वाटलं, म्हातारा बोलण्यात कंजूस आहे. वेळ आली की मन मोठं करील.

उन्हाळा संपत आला तेव्हा आम्ही पाथरीला निघालो. गोदावरीपर्यंत बैलगाडी, पुढे नाव. नावेत मी आप्पांना समजावत होतो. "आप्पा, सासरे इचारतील, राग गेला का. तुमी म्हना, गेला. दोन अक्षरं हायत. जास्त बोलू नका."

"बघू," आप्पा म्हणाले आणि पाण्यात हात सोडून बसले.

"बघू काय? माजा संसार हाय."

"म्हनूनच बघू म्हनलं."

सासऱ्यांच्या ओसरीवर गूळ-पाणी झालं. मेव्हणा खांबाला टेकून उभा. सासरे शेतकरी माणूस, फार बोलणारे नाहीत. माजघराच्या दाराआड बायको होती. दिसत नव्हती, पण दाराखालच्या फटीतून सावली दिसत होती. मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आला नाही.

"आप्पा," सासरे म्हणाले, "तुमी जंगम मानूस. तुमच्या तोंडून खोटं निघनार न्हाई म्हनून इचारतो. पाव्हण्याचा राग गेला का?"

आप्पांनी एक लांब श्वास घेतला. मी त्यांच्याकडे बघून डोळ्याने खुणावलं. दोन अक्षरं.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण सासऱ्यांचा चेहरा उतरला, म्हणजे त्यांनीही तेच ऐकलं होतं.

"मामा," आप्पा पुढे सासऱ्यांना म्हणाले, "जनावर इकताना खोड सांगावी लागती. न सांगता इकलं तर घेनाराच्या पोराबाळांना शिंग लागतंय. ह्या मानसाचा राग गेला न्हाई, जायचा बी न्हाई. आदी ह्यो न सांगता शिंग मारायचा. आता आदी थांबतोय, फुसफुसतोय. मंग मारतोय, न्हाई तर न्हाई बी मारत. मधी बाजूला व्हायला येळ मिळतो."

"किती येळ?" सासऱ्यांनी विचारलं. अगदी गंभीरपणे, बैलाबद्दल विचारावं तसं.

"अकरा श्वास," आप्पा म्हणाले. "कवा कवा नऊ."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. उभी हयात मी जनावरांच्या खोडी झाकून विकली होती. लंगडा बैल चिखलात उभा करून विकला होता. आणि ज्या माणसाच्या अंगणात दोन महिने रोज रांजणात मान घातली, तो मला माझ्याच सासऱ्याच्या ओसरीवर खोड सांगून विकत होता. मी उठून उभा राहिलो. मेव्हणा खांबापासून सरळ झाला. तोंडात शब्द तयार होते. पहिला आप्पांच्या शंखाबद्दल होता.

काय झालं कोण जाणे, अंगठे कानात गेले. त्या ओसरीवर, सासऱ्यांच्या समोर, उभ्या उभ्या, मी घुमायला लागलो. लाज वाटत होती, पण घुमणं थांबलं असतं तर तोंड उघडलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर संपलंच होतं. एक. दोन. सासऱ्यांचा हात गुळाच्या वाटीत तसाच राहिला. पाच. सहा. आप्पा शांतपणे छताकडे बघत होते, मोजत असावेत. अकराव्याला मी खाली बसलो. घाम आला होता. शब्द कुठे गेले होते ते मला सापडेनात.

डोळे उघडले तर बायको दारात उभी होती. पदर तोंडावर दाबून. आधी वाटलं रडते आहे. हसत होती.

"घरी रोज असंच करायलेत का आप्पा?" तिने विचारलं.

"रांजनात," आप्पा म्हणाले. "उभं राहून आजच."

ती माझ्याकडे न बघता बापाला म्हणाली, "आप्पा 'गेला' म्हनले असते तर मी दारातून बाहीर आले नसते. चार वर्सं मीच ह्यांना म्हनत व्हते, हळू बोला. तवा हे म्हनायचे, मला राग कुठं येतोय? आज पैल्यांदा कोनी तरी खरं बोललं." मग थोडं थांबून, "ह्यांची चप्पल वाजली की माजा श्वास अडकायचा बाबा. कोनाला सांगायचं हे? मला वाटायचं माजंच काय तरी बिघडलंय."

आप्पा मान हलवत होते, जणू एखाद्या घंटीचा सूर बरोबर लागला. मला विचाराल तर त्यांना आधी काही ठाऊक नव्हतं. ती दाराआडून काय ऐकणार आणि काय ठरवणार, हे त्यांना कसं कळणार? माझ्या संसारावर त्यांनी जुगार खेळला. डाव लागला म्हणून त्यांचं शहाणपण. बायको म्हणते जुगार नव्हता. यावर आमचं अजून भांडण होतं, आणि त्यात अजून कोणी जिंकलेलं नाही.

सासरे म्हणाले, "खोड सांगितलेलं जनावर आपन आठ दिसांच्या बोलीवर घेतो. पटलं तर ठेवायचं, न्हाई तर परत."

"आठ दिसांत काय कळतंय?" ती म्हणाली. "मी येते. पर पोळ्यापतुर बघनार. ताट अंगनात गेलं तर ह्यांनीच गाडी जोडायची आन् मला हितं आनून सोडायचं."

माझ्या उभ्या धंद्यात विकणाऱ्याने बोलीची मुदत वाढवून मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. विकणारा नेहमी मुदत कमी करतो. पण माझं तोंड सवयीने उघडलं.

"पोळा लय जवळ येतो," मी म्हणालो. "दिवाळी."

मेव्हणा हसायला लागला. "दाजी, काय करायलेत तुमी?"

"पोळा," ती म्हणाली.

"दिवाळी. जास्त दिस बघितलं तर नीट कळंल तुला."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "दसरा," ती म्हणाली. "आता एक शब्द बोलनार न्हाई."

दसऱ्यावर तुटलं.

पोळा झाला, गणपती झाले. मधे दोनदा मी अंगणात जाऊन उभा राहिलो, एकदा तर हातातलं ताट घेऊन, पण ते परत आत आणलं. दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघनाहून आलो आणि आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली. तिथेच उभा राहिलो. आज मुदत संपली होती, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिने पानं देवापुढे ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "बसा, पोळ्या गार व्हायल्यात."

मी बसलो. बोलीचं काय ठरलं, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. अशा वेळी विचारणारा दलाल मूर्ख.